हेलसिंग अल्टिमेटचा दहावा भाग: अल्युकार्ड का हरतो?

हेलसिंग अल्टिमेट ही कोता हिरानोच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) केलेली अ‍ॅनिमे मालिका. अल्युकार्ड हा तिच्यातला हेलसिंग घराण्याच्या सेवेतला पिशाच्च, आणि वॉल्टर त्याच घराण्याचा म्हातारा नोकर. मला आलेला प्रश्न असा आहे: "हेलसिंग अल्टिमेटचे दहाही भाग पाहून झाले. एवढा अजिंक्य अल्युकार्ड शेवटी मांजराच्या कानांच्या एका पोरामुळे नाहीसा होतो, ते कसं हे नीट कळलं नाही. नंतर तो तीस वर्षांनी परत येतो, ती लेखकाने काढलेली पळवाट वाटली. वॉल्टरने दगा दिला तोही पटला नाही. आणि आता मांगा वाचावी का?"

मी अ‍ॅनिमेशनमध्ये स्टोरीबोर्डचं, म्हणजे प्रत्येक दृश्य आधी चित्रांत मांडण्याचं, काम करतो आणि नवीन मुलांना ते शिकवतोही. हा दहावा भाग वर्गात तुकड्या-तुकड्यांनी बऱ्याचदा दाखवला आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. शेवट सगळा उघड होईल. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आधी थेट उत्तर देतो. तो शेवट पळवाट नाही. आधीच्या भागांत जे पेरलं आहे तेच तिथे उगवतं. अल्युकार्डला हरवायला त्याच्याहून बलवान कोणी लागत नाही, त्याची स्वतःची भूक पुरते. मिलेनियम या नाझी पिशाच्च-पलटणीच्या म्होरक्याला, मेजरला, हे अर्धशतक आधी उमगलेलं असतं आणि लंडनवरचं सगळं युद्ध तो त्या एका घोटासाठी मांडतो.

आता हा घोट समजून घेऊ. या मालिकेत अल्युकार्ड ज्याचं रक्त पितो त्याचा जीवही त्याच्या आत येऊन राहतो. त्याला गोळ्या घालून चाळण केली तरी तो उठतो, कारण मरतो तो आतल्या असंख्य जिवांपैकी एक. आठव्या भागात तो शेवटचं बंधन सोडतो आणि आतली सगळी फौज बाहेर पडते: वालाकियाचे घोडेस्वार, तुर्की जानिसारी, आणि आधीच्या भागांत त्याने संपवलेली मिलेनियमची माणसंसुद्धा. तो प्रसंग पाहताना आपण थरारून जातो आणि त्यात दडलेला हिशेब आपल्या नजरेतून सुटतो. फौज बाहेर असते तेव्हा आत उरतो फक्त एक जीव, त्याचा स्वतःचा. म्हणजे तेवढ्या वेळापुरता अल्युकार्ड मरू शकतो. व्हॅटिकनचा लढवय्या पाद्री फादर अँडरसन नेमका तेव्हाच त्याच्यावर चालून जातो.

अँडरसन पडतो. मग लढाई संपताच अल्युकार्ड पुन्हा सगळ्यांना आत ओढून घेतो, आणि या वेळी नुसत्या आपल्या फौजेला नाही. मिलेनियमच्या पिशाच्च सैनिकांनी मारलेले लंडनकर, व्हॅटिकनच्या स्वारीत मेलेले आणि मारलेले, अशा सगळ्यांचं रस्त्यावर सांडलेलं रक्त ओहोळांसारखं त्याच्याकडे वाहत येतं. श्रोडिंगर, म्हणजेच मेजरचा मांजराच्या कानांचा तो पोरगा, त्याच रक्तात स्वतःचं डोकं उडवून घेऊन पडतो.

श्रोडिंगर हे नाव कुठून आलं ते बहुतेकांना ठाऊक असतं. एर्विन श्रोडिंगर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये पेटीतल्या मांजराचा विचारप्रयोग मांडला. पेटी उघडून कोणी पाहत नाही तोवर मांजर जिवंतही आणि मेलेलंही मानावं लागेल, हे किती विचित्र आहे ते त्याला दाखवायचं होतं. कोता हिरानोने त्यावरून पात्र बेतलं ते असं: पेटी उघडून पाहणारा दुसरा कोणी नाही, मांजरच स्वतःकडे पाहतं. 'मी इथे आहे' असं त्या पोराने मानलं की तो तिथे असतो. म्हणून तो कुठेही उगवतो, आणि आधी गोळी घालून मारला तरी पुन्हा हजर होतो. त्याचं सगळं अस्तित्व 'मी' या एका ओळखीवर टांगलेलं आहे.

आता तो लाखो जिवांत विरघळला. त्या गर्दीत आपण कोण, हे त्याला ओळखता येईना. ओळखता येत नाही म्हणून तो नाही, आणि तो अल्युकार्डच्या रक्तात मिसळलेला आहे म्हणून अल्युकार्डही नाही. कोणी त्याला मारत नाही. त्याचं असणंच अनिश्चित होऊन जातं. मेजर त्याला चक्क काल्पनिक संख्या म्हणतो. गणितात काल्पनिक संख्या लिहिता येतात, पण तेवढे आंबे मोजून कोणाच्या हातात ठेवता येत नाहीत. अल्युकार्डची तीच गत होते.

हा सापळा आयत्या वेळी काढलेला असता तर तुमची तक्रार मी मान्य केली असती. पण श्रोडिंगर आपल्याला बराच आधी भेटतो, त्याचा गुणधर्म आपल्यासमोर घडतो, आणि अल्युकार्डने पिलेले जीव त्याच्या आत राहतात हे तर मालिकेचं मूळ गृहीतक आहे. दोन्ही गोष्टी उघड्यावर ठेवलेल्या असतात, त्या एकत्र आल्या तर काय होईल एवढंच लेखकाने शेवटपर्यंत राखून ठेवलं आहे.

यातच मेजर आणि अल्युकार्ड यांच्यातला खरा वादही आहे, आणि माझ्या मते दहाव्या भागाचा गाभा तोच. मेजर नाझी आहे, क्रूर आहे, युद्धासाठी युद्ध हवं असलेला माणूस आहे. पण १९४५ मध्ये तो मरायला टेकलेला असताना इतरांचं रक्त त्याच्याकडे सरकत येतं, त्यात मिसळून जगण्याची संधी मिळते, आणि तो ती नाकारतो. माझा जीव माझाच राहील, माझं मन माझंच राहील, हा त्याचा हट्ट. शेवटी त्याच्या समोरची काच सेरास, अल्युकार्डने पिशाच्च बनवलेली तरुणी, तोफेने फोडते, तेव्हा त्याच्या शरीरातून यंत्रं लोंबताना दिसतात. हेलसिंग घराण्याची प्रमुख इंटेग्रा त्याला यंत्र ठरवते. तो मात्र ठामपणे सांगतो की स्वतःची इच्छा आहे तोवर मी माणूस आहे, काचेच्या भांड्यात तरंगणारा नुसता मेंदू उरलो तरीही. त्याच्या लेखी पिशाच्च म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर, दुसऱ्यात मिसळून जगणारं काहीतरी. म्हणूनच तो अल्युकार्डचा एवढा द्वेष करतो, आणि म्हणूनच त्याला मारण्यासाठी तो मिसळण्याचंच हत्यार वापरतो.

अल्युकार्डचंही मत फारसं वेगळं नाही. राक्षसाला माणसानेच मारलं पाहिजे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. आठव्या भागात अँडरसन हेलेनाचा खिळा (येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा पवित्र खिळा) स्वतःच्या छातीत खुपसून देवाचं हत्यार बनायला निघतो, तेव्हा अल्युकार्ड कळवळून त्याला अडवतो. माझ्यासारखा होऊ नकोस, ही त्याची विनवणी आहे. ज्याच्या हातून मरायची त्याची तयारी होती तो माणूसच राहिला नाही, याचं ते दुःख आहे. हे लक्षात ठेवून दहावा भाग पुन्हा पाहा. मेजरला कोण मारतं? इंटेग्रा. ना पिशाच्च, ना यंत्र. एक बाई आणि तिच्या हातातलं पिस्तूल. मेजरचा नेम इतका वाईट की इतक्या जवळून झाडलेल्या गोळ्याही वाया जातात, आणि अखेर जी लागते ती तिचा एक डोळा घेऊन जाते. तिची गोळी मात्र कामी येते. चांगलं युद्ध झालं, अशा समाधानात तो मरतो. त्याने ठरवलेलं काम फत्ते झालं आहे हे आपल्याला मान्य करावं लागतं, आणि तो कडवटपणा मालिकेने लपवलेला नाही.

तीस वर्षांचं म्हणाल तर मी तुम्हाला साधा हिशेब करायला सांगेन. परत आल्यावर अल्युकार्ड सांगतो की त्याने आपल्या आतले ३४,२४,८६७ जीव मारले, एक तेवढा सोडून. तो एक म्हणजे श्रोडिंगर. हा आकडा तीस वर्षांत वाटला तर दिवसाला तीनशेहून जास्त येतात, म्हणजे साधारण दर पाच मिनिटांना एक, रात्रंदिवस, झोपेशिवाय. ज्या फौजेच्या बळावर तो अजिंक्य होता ती त्याने स्वतःच्या हातांनी संपवली. परतलेला अल्युकार्ड कुठेही असू शकतो आणि कुठेच नसूही शकतो, तेव्हा त्याची ताकद वाढली असं कोणी म्हणेल. पण त्याच्या आतला सगळा जमाव गेला आहे. एवढी किंमत मोजून कथा एखाद्याला परत आणते, तेव्हा तिला पळवाट म्हणणं मला जमत नाही.

शिवाय किंमत फक्त तो मोजत नाही. इंटेग्राने पन्नाशी ओलांडली आहे. चेहऱ्यावर सुरकुत्या, डोळ्यावर पट्टी. सेरास तशीच तरुण आहे, अल्युकार्डही तसाच. तिघं एका खोलीत आल्यावर वय झालेली एकटी इंटेग्रा दिसते. तिला पिशाच्च होऊन तरुण राहता आलं असतं, तिच्या घरातच दोन पिशाच्चं होती. तिने ते केलं नाही. मेजरने आयुष्यभर जो मुद्दा ओरडून मांडला, तो तिने तीस वर्षं गाजावाजा न करता जगून दाखवला. पहिल्या भागात काकाच्या गोळीने जखमी झालेल्या लहान इंटेग्राचं रक्त तळघरात सांडतं आणि सुकून पडलेला अल्युकार्ड जागा होतो. शेवटी ती आपल्या बोटाचं रक्त स्वतःहून त्याला देते. सुरुवातीला अपघाताने घडलेली गोष्ट आता तिच्या मर्जीने घडते.

एक जोड स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ची. १८९७ च्या त्या कादंबरीत ड्रॅक्युला मरतो, आणि मरताच, त्याने स्वतःचं रक्त पाजलेल्या मीना हार्करवरचा शाप उतरतो. हिरानोने तिथेच गाठ वेगळी मारली: त्याचा अल्युकार्ड म्हणजे हाच ड्रॅक्युला. त्याच्या गोष्टीत व्हॅन हेलसिंग ड्रॅक्युलाला हरवतो पण संपवत नाही, त्याला गुलाम करून घराण्याच्या सेवेत ठेवतो. ड्रॅक्युला मेलाच नाही, तर मीनाच्या शरीरातला त्याचा अंश जाणार कुठे? मिलेनियमच्या डॉक्टरने कृत्रिम पिशाच्चं बनवली ती मीनाच्या अवशेषांपासून, हे दहाव्या भागात कळतं. म्हणजे लंडनवर चालून आलेली पलटण एका अर्थी अल्युकार्डचीच संतती आहे. हा खुलासा ज्वाळांच्या गडबडीत काही वाक्यांत उरकला जातो, आणि कादंबरी न वाचलेल्याच्या तो डोक्यावरून जातो. एवढ्या मोठ्या गोष्टीला इतकी कमी जागा दिली, हे मला या भागातलं मोठं वैगुण्य वाटतं. कादंबरीत ड्रॅक्युला संपतो तो सूर्य मावळता मावळता. इथे अल्युकार्ड नाहीसा होतो तेव्हा लंडनवर पहाट फुटत असते. डोळे मिटू नकोस, असा हुकूम इंटेग्रा सोडते, आणि तिचा न पाळलेला तो एकच हुकूम.

वॉल्टरबद्दल तुमची तक्रार अर्धी मला मान्य आहे. तो लंडनच्या हल्ल्यात इंटेग्राला निसटता यावं म्हणून मागे राहतो, नंतर दिसत नाही, आणि परत येतो तो शत्रूच्या बाजूने, तरुण होऊन. मधली पायरी पडद्यावर फार अंधुक आहे. कारण मात्र पटण्यासारखं आहे. १९४४ च्या वॉर्सात पोरसवदा वॉल्टर अल्युकार्डच्या बरोबरीने मिलेनियमवर तुटून पडला होता. त्यानंतर तो म्हातारा होत गेला, ज्याच्याशी बरोबरी करायची तो जसाच्या तसा राहिला. सत्तरीला टेकलेल्या माणसाने चहाचा ट्रे उचलताना मनात काय साठवलं असेल, ते सांगायला कोणी पात्र लागत नाही. त्याला अल्युकार्डला एकदा, पूर्ण ताकदीनिशी, हरवायचं होतं. त्यासाठी तो तारुण्य उसनं घेतो, आणि अल्युकार्ड त्याला तोंडावर सांगतो की म्हातारा वॉल्टर याहून कितीतरी देखणा होता. मला हे वॉल्टरच्या सगळ्या जखमांपेक्षा जास्त लागणारं वाटतं. शेवटी तो डॉक्टरला संपवतो आणि मिलेनियमच्या जळत्या झेपेलिनमध्येच (हवाई जहाजात) राहतो. माफी मागत नाही, आणि लेखकही त्याच्यासाठी ती मागत नाही.

आता माझ्या कामाच्या बाजूने थोडं. ही मालिका टीव्हीवर आठवड्याला एक अशी आलेली नाही. पहिला भाग फेब्रुवारी २००६ मध्ये आला, दहावा २६ डिसेंबर २०१२ ला. एकेका भागासाठी लोकांनी महिनोन् महिने वाट पाहिली, सातव्या आणि आठव्यामध्ये तर दीड वर्षाहून जास्त. स्टुडिओ तीन झाले: पहिले चार सॅटेलाइटकडे, पुढचे तीन मॅडहाउसकडे, शेवटचे तीन ग्राफिनिकाकडे. २००१ ची तेरा भागांची जुनी हेलसिंग मालिका गोंझो स्टुडिओची होती, आणि ग्राफिनिका उभी राहिली ती गोंझोच्या डिजिटल विभागातल्या माणसांतून. तीन हातांतून गेल्यावर चेहरे बदलतात, काळ्या रंगाची जात बदलते, संगणकावर केलेली विमानं आणि गर्दी कधी चित्रात मुरतात, कधी वरून चिकटवल्यासारखी दिसतात. दहाव्या भागातही अशा जागा आहेत. रक्ताचे लोट येतात तिथे काही फ्रेममध्ये संगणकाची सफाई उघडी पडते आणि हिरानोच्या खरबरीत शाईची आठवण येते.

पण हाच भाग मी मुलांना दाखवतो तो थांबलेल्या चित्रांसाठी. जपानी पद्धतीत सेकंदाच्या २४ फ्रेमसाठी २४ चित्रं क्वचितच काढतात. एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. बोलण्याच्या प्रसंगात तर चेहरा तसाच ठेवून फक्त तोंडाचे मोजके आकार बदलतात. मेजर आणि इंटेग्रा समोरासमोर येतात तो प्रसंग या दृष्टीने आवाज बंद करून पाहा. हालचाल किती कमी आहे ते कळेल. ताण येतो तो कॅमेरा किती जवळ आहे आणि चित्र किती वेळ धरलं आहे यावरून. मग आवाज लावून पाहा. चित्र थांबलेलं असतं तिथे आवाज धावत असतो, आणि प्रसंग अवघडला की आवाजही थांबतो.

आणि चष्मे पाहा. या मालिकेत चष्मेवाले खूप: मेजर, इंटेग्रा, अँडरसन, स्वतः अल्युकार्ड. हिरानो काचांवर पांढरी चमक भरून डोळे झाकतो. डोळे दिसत नाहीत तेव्हा समोरचा काय करेल याचा अंदाज लागत नाही, फक्त हसू दिसतं. पात्राच्या मनात खरोखर काही हललं की ती चमक जाते आणि डोळा दिसतो. स्टोरीबोर्ड काढणाऱ्याला हे फुकटात मिळालेलं हत्यार आहे: एक रंग भरला की माणूस बंद, काढला की उघडा. अल्युकार्ड नाहीसा होताना आणि नंतर परत आल्यावर इंटेग्राच्या चेहऱ्याकडे याच नजरेने पाहा.

एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी सांगणार आहे, कारण ती मला मनापासून खुपते. चौथ्या भागातलं मेजरचं युद्धाचं भाषण कापून, खाली संगीत लावून मुलं स्टेटसला ठेवतात. भाषण जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण तो गणवेश खऱ्या माणसांनी घातला होता आणि त्यांनी खऱ्या माणसांना गॅस चेंबरमध्ये घातलं. मालिका हे विसरत नाही. भाषणानंतर लंडनच्या रस्त्यांवर काय होतं ते पुढचे दोन भाग अंगावर काटा येईपर्यंत दाखवतात. पोलीस, बाया, पोरं, कोणी सुटत नाही. भाषण कापून घेतलं की त्याचं फळ मागे राहतं आणि हातात उरतो फक्त प्रचार. दहावा भाग पाहिलेल्या माणसाला तर हे कळायलाच हवं. मेजरची हाव पुरी झाली तेव्हा त्याच्याभोवती त्याचा एकही माणूस जिवंत नव्हता, आणि तेच त्याला हवं होतं. अशा माणसाचे शब्द आपल्या नावाखाली मिरवू नयेत.

मांगा जरूर वाचा. 'यंग किंग अवर्स' मासिकात ती १९९७ ते २००८ चालली, पुस्तकं दहा, इंग्रजी आवृत्ती डार्क हॉर्सची. शेवट तोच आहे, तेव्हा धक्का बसणार नाही. पण वॉल्टरचा आणि मीनाचा जो भाग पडद्यावर घाईत गेला, तो कागदावर आपल्या चालीने, मागेपुढे होत वाचता येतो. श्रोडिंगरबद्दल मेजर जे सांगतो ती पानं दोनदा वाचावीत. २००१ ची जुनी मालिका नंतर पाहिली तरी चालेल. ती झाली तेव्हा मांगा अर्धीही पुढे गेली नव्हती, त्यामुळे तिने स्वतःचा वेगळा शेवट रचला. दोन्हींत अल्युकार्डचा जपानी आवाज जोजी नाकाताचा आणि इंग्रजी आवाज क्रिस्पिन फ्रीमनचा आहे, तुलना करायला मजा येते. एरवी मी जपानी आवाज आणि सबटायटल असंच सांगतो, पण इथे इंग्रजी डबही तेवढ्याच जोराने सुचवेन. गोष्ट लंडनची आहे, आणि व्हिक्टोरिया हारवुडच्या ब्रिटिश उच्चारांत इंटेग्राचे हुकूम ऐकले की ती बाई कुठल्या घराण्यातून आली आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

वॉल्टर अजूनही पटला नाही तर 'हेलसिंग: द डॉन' शोधा. १९४४ च्या वॉर्साची ती पूर्वकथा आहे. ती अपुरीच राहिली आहे, पण तरुण वॉल्टर त्यात भेटतो. ती पूर्वकथा झाल्यावर आठवा, नववा आणि दहावा भाग एकाच बैठकीत पाहा, आणि वॉल्टर पडद्यावर नसतो तेव्हा तो कुठे असेल याचा विचार करत पाहा.